दोडका-काकडीच्या रोपांवर लाल भुंगेरे आणि वांग्यावर ठिपक्यांचे किडे : उपाय सुचवा

हिरवी_गच्ची

नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर कुंड्या आणि ग्रो बॅगमध्ये घरापुरती भाजी लावते. यंदा दुधी, दोडका, काकडी आणि कारलं एकदमच पेरलं. उगवण झकास झाली, पण पहिली दोन जाड पानं उघडतात न उघडतात तोच त्यांना गोल भोकं पडायला लागली. सकाळी बघितलं तर नारिंगी-लाल रंगाचे लांबट भुंगेरे बसलेले, जेमतेम पाऊण सेंटिमीटरचे. हात जवळ नेला की टपकन खाली पडतात नाहीतर उडून जातात. काकडीची निम्मी रोपं गेली. कारल्याला मात्र हात लावलेला नाही.

दुसरा त्रास वांग्यावर. पानांची नुसती जाळी झाली आहे. पानामागे पिवळ्या, काटेरी अळ्या आणि वर तांबूस, काळ्या ठिपक्यांचे किडे आहेत. सासूबाई म्हणतात, हे ढालकिडे, पानांचा रस शोषणारा मावा खातात, मारू नकोस. मला ते पटत नाही, कारण पानं तर डोळ्यांदेखत संपत चालली आहेत.

मुलं काकडी वेलावरून तोडून तशीच खातात, त्यामुळे विषारी औषध नको आहे. काय करावं?

शिवारफेरी

ताई, तुमच्याकडे दोन वेगळे पाहुणे आले आहेत, त्यांचे इलाजही वेगळे. आधी वेलांचं बघू.

नारिंगी भुंगेरा म्हणजे भोपळावर्गीय पिकांवरचा लाल भुंगेरा. उलटा करून बघा, पोट काळं दिसेल. काकडी, दुधी, दोडका, भोपळा, खरबूज हे त्याचं खाणं. या वेलांमधल्या कडू द्रव्याची त्याला ओढ असते, तरी कारल्याच्या वाटेला तो सहसा जात नाही. तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

त्याच्या खाण्याकडे एकदा नीट लक्ष द्या. आधी तो पानावर गोल चर पाडतो आणि मग आतला भाग खातो. चर पडला की त्या तुकड्याकडे येणारा चीक तुटतो. म्हणून भोकं अशी आखल्यासारखी गोल दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा भुंगेरा मोठा वेल मारू शकत नाही, रोप मारतो. पहिल्या दोन जाड पानांपासून त्यांच्यानंतरची चार-पाच खरी पानं येईपर्यंतचा काळ सांभाळला की पुढे वेलाची वाढ त्याच्या खाण्याच्या पुढे निघून जाते. मांडवावर चढलेल्या दुधीच्या पानांना दहा भोकं पडली म्हणून फळात काही फरक पडत नाही. लोक उलट करतात. रोप लहान असताना 'बघू' म्हणतात आणि वेल मोठा झाल्यावर फवारण्या सुरू करतात.

तेव्हा राहिलेल्या रोपांवर आजच्या आज जाळी घाला. जुनी मच्छरदाणी, बारीक विणीची ओढणी, काहीही चालेल. कुंडीत चार काड्या खोचून वर तंबू करा आणि कडा सुतळीने कुंडीला गच्च आवळा. फट राहिली तर उपयोग नाही. झाकण्याआधी आतले भुंगेरे वेचून काढा, नाहीतर त्यांनाच आत कोंडाल. गेलेल्या काकडीच्या जागी नवीन बी पेरायचं तर तेही पहिल्या दिवसापासून जाळीखाली.

वांग्याचं दुपारी सविस्तर लिहितो.

मांडवाखाली

आमच्याकडे कुडाळ भागात मिरगाला परड्यात काकडी, पडवळ, शिराळी, चिबूड पडतात आणि हा भुंगा ठरलेला. आई चुलीची राख चाळून ठेवते. पहाटे पानांवर दव असताना मुठीने शिंपडायची, म्हणजे चिकटून बसते. राख असलेल्या पानावर भुंगा बसायला बघत नाही. पाऊस पडला की परत टाकायची.

लाकडाचीच राख हवी. कोळशाची किंवा कचरा जाळलेली नको.

ऑफिसनंतर_माळी

राखेबद्दल शंका आहे. राख अल्कधर्मी असते. कुंडीत माती मोजकीच, तिथे रोज राख पडत राहिली तर मातीचा सामू वाढणार. पानांची छिद्रंही बुजतात.

मांडवाखाली

बरोबर आहे, रोज ओतायची नसतेच. चिमूटभर, फक्त रोप लहान असेपर्यंत, आणि मुळाशी ढीग करायचा नाही. परड्यात पाऊसच धुऊन नेतो. कुंडीत मात्र जाळी बरी, हे मलाही पटतं. राख मी जाळी घालायला उशीर होतोय अशा दिवसांसाठी ठेवेन.

वेचायचं काम मात्र सकाळी उन्हं यायच्या आत. तेव्हा भुंगे सुस्त असतात. पसरट ताटलीत साबणाचं पाणी घेऊन पानाखाली धरायची आणि पानाला वरून टिचकी मारायची. घाबरला की अंग सोडून खाली पडायची त्याची सवय आहे, ती आपल्या उपयोगाची. दुपारी गेलात तर हात पुढे करायच्या आत उडतो.

हिरवी_गच्ची

टिचकीची युक्ती आज सकाळी केली आणि अक्षरशः ताटलीत पडले! जाळीही घातली.

एक प्रश्न. गच्चीवर चौथ्या मजल्यावर हे येतात कुठून? आणि मातीत अंडी असतात का?

शिवारफेरी

उडत येतात. आसपासच्या सोसायट्यांत, नाल्याकाठी, मोकळ्या प्लॉटमध्ये रानवेली असतातच. थंडीत हे भुंगेरे वाळक्या पाल्यात, गवतात दडून बसतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बाहेर पडतात. म्हणून उन्हाळी आणि पावसाळी वेलांना त्रास जास्त.

मादी अंडी वेलाच्या बुंध्याजवळ ओल्या मातीत घालते. त्यातून निघणाऱ्या फिकट पिवळसर अळ्या मुळं कुरतडतात, मातीला टेकलेलं फळही पोखरतात. कोषही मातीतच. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण महिना-दीड महिना लागतो. वेल हिरवागार असूनही भर दुपारी मान टाकत असेल आणि पाणी देऊनही सावरत नसेल तर बुंध्याजवळची माती बोटाने उकरून बघा. फळं मांडवावर लटकू द्या, जमिनीवर टेकू देऊ नका.

झटपट_उपाय

एवढा खटाटोप कशाला? आमच्या वडिलांच्या काळापासून कार्बारिलची पांढरी भुकटी मारतात. एका फेरीत साफ.

शिवारफेरी

दादा, कार्बारिलवर भारतात २०१८ साली बंदी आली. केंद्र सरकारने त्या वर्षी ऑगस्टमध्ये ज्या कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यात ते आहे. घरात जुनी पुडी पडली असेल तर कृपा करून वापरू नका. मधमाश्यांना ते फार घातक आहे आणि वेलभाज्यांचं सगळं गणित मधमाश्यांवर चालतं. मुलं तोडून खातात त्या काकडीवर तर नकोच नको.

तंबाखूचं पाणीही कोणी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. निकोटीन कातडीतूनही अंगात भिनतं, शिवाय तंबाखूतून वांगी-टोमॅटोला विषाणूजन्य रोग लागण्याचा धोका असतो. घरच्या बागेत त्याला जागा नाही.

शिवारफेरी

आता वांगी. सासूबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही. हा भुंगेरा ढालकिड्यांच्याच कुळातला आहे. त्या कुळातले बहुतेक मांसाहारी, ही शाखा मात्र पानं खाणारी. कृषी खात्याच्या पत्रकांत याला एपिलॅक्ना किंवा हड्डा भुंगेरा म्हटलेलं आढळेल. ओळखायचा कसा, ते लिहितो, कारण इथे गडबड झाली की लोक मित्र मारतात आणि शत्रू पाळतात.

अंगाची चकाकी बघा. उपयोगी ढालकिडा लखलखीत, तुळतुळीत असतो. हड्डा मातकट-तांबूस आणि निस्तेज दिसतो, कारण त्याच्या पाठीवर बारीक लव असते. भिंग असेल तर ती स्पष्ट दिसते. ठिपकेही खूप, एका जातीत २८, दुसरीत १२. आपल्याकडे बागेत नेहमी दिसणारा उपयोगी ढालकिडा पिवळसर-नारिंगी आणि त्यावर काळ्या नागमोडी रेघा असा असतो.

अळी तर चुकणारच नाही. हड्ड्याची अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटलेले काटे, आणि जागची फारशी हलत नाही. ढालकिड्याची अळी काळसर, लांबट, त्यावर नारिंगी डाग, आणि माव्याच्या शोधात पानावर भराभरा पळते. तिला हात लावू नका, मोठ्या ढालकिड्याइतकाच मावा ती फस्त करते.

अंडी मात्र दोघांची पिवळी, उभी, पुंजक्याने. ढालकिड्याची एकमेकांना चिकटून असतात आणि बहुतेक वेळा जवळ मावा असतो. हड्ड्याची जरा सुटी सुटी असतात आणि वांग्याच्या पानामागे, जिथे माव्याचा पत्ताही नाही, अशा ठिकाणी मिळतात. खात्री होत नसेल तर ते पान तोडून झाकणाच्या डबीत ठेवा. चार-पाच दिवसांत अळ्या निघतील, त्यांचा रंगच उत्तर देईल.

खाण्याची खूण म्हणाल तर ही अळी पान आरपार भोसकत नाही. मागून हिरवा गर खरवडते, शिरा आणि पातळ पापुद्रा तेवढा ठेवते. ताई, तुमची 'जाळी' ती हीच.

संत्रानगरी

पान जाळीसारखं नसून कडेने करवतीसारखं कातरलं असेल तर तो वेगळाच. आमच्याकडे नागपुरात वांग्यावर राखाडी सोंड्या येतो. करड्या रंगाचा, तोंड सोंडेसारखं पुढे आलेलं. धक्का लागला की मेल्यासारखा पडून राहतो. त्याच्या अळ्या मातीत वांग्याची मुळं खातात, झाड वाळायला लागतं. खरी भानगड तीच. मी लागवडीच्या वेळीच मातीत निंबोळी पेंड घालतो.

आणि दिवसा काहीच दिसत नसेल, पानं मात्र जात असतील, तर रात्री टॉर्च घेऊन जा. पावसाळ्यात गोगलगाई असतात, नाहीतर नाकतोडे. भुंगेऱ्याला दोष देण्याआधी गुन्हेगार बघून घ्यावा.

हिरवी_गच्ची

भिंगातून बघितलं. लव आहे! सासूबाईंनाही दाखवलं, आता त्याच रोज पानं उलटून अंडी चिरडतात. नजर माझ्यापेक्षा तेज आहे त्यांची.

पण काही अळ्या पिवळ्या नाहीत. काळपट-तपकिरी, फुगलेल्या, पानाला चिकटलेल्या आणि अजिबात हलत नाहीत. त्याही काढू का?

रारिटनकाठी

ताई, थांबा! त्या काढू नका. मी न्यू जर्सीत राहते आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

तुमच्या वर्णनावरून त्या अळ्यांच्या पोटात पेडिओबियस नावाच्या इवल्याशा गांधीलमाशीची पिल्लं वाढत असणार. माशी म्हटलं तरी आकार मुंगीहूनही लहान, माणसाला चावत नाही. मादी हड्ड्याच्या अळीत अंडी घालते, पिल्लं आतून तिला खातात, अळी वाळून काळपट होते आणि मग तिच्या कातडीला भोक पाडून डझनावारी नव्या माश्या बाहेर येतात. त्या लगेच पुढच्या अळ्या शोधायला निघतात.

गंमत अशी की ही माशी अमेरिकेत आली ती भारतातूनच. इथे घेवड्यावर आणि सोयाबीनवर हड्ड्याचा चुलतभाऊ आहे, मेक्सिकन बीन बीटल. त्याच्यासाठी १९६० च्या दशकात ही माशी भारतातून आणली गेली. न्यू जर्सीच्या कृषी खात्याची ट्रेंटनजवळ उपयुक्त कीटक वाढवणारी प्रयोगशाळा आहे, तिथे ती वाढवून शेतांत सोडतात. मात्र इथल्या हिवाळ्यात ती टिकत नाही, कारण थंडीत भुंगेरे असतात पण अळ्या नसतात, आणि तिला अळ्याच लागतात. म्हणून दर उन्हाळ्यात नव्याने सोडावी लागते. इथले बागकाम करणारे लोक पैसे मोजून ती मागवतात. तुमच्या गच्चीवर ती आपल्या पायांनी आली आहे. तिला जपा, एवढंच कळकळीचं सांगणं.

शिवारफेरी

सुंदर माहिती. मी यात एकच भर घालतो. वेचताना पिवळ्या, हलणाऱ्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाका. काळ्या पडलेल्या अळ्या पानासकट राहू द्या. ते पान फारच खराब वाटत असेल तर तोडून झाडाखालीच सावलीत ठेवा, फेकू नका. आणि त्या आठवड्यात वांग्यावर कसलीही फवारणी नको, निंबोळीचीसुद्धा.

ऑफिसनंतर_माळी

रारिटनकाठी, तुमच्याकडे जपानी भुंगेऱ्यांचा त्रास आहे ना? माझी बहीण एडिसनला असते. तिने सुवासिक आमिषाचा पिवळा सापळा आणलाय. तो लावावा का?

रारिटनकाठी

भाजीजवळ तर अजिबात नको. तो सापळा भुंगेरे पकडतो हे खरं, पण पकडतो त्याहून जास्त बोलावतो. आलेले सगळे आत शिरत नाहीत, उरलेले शेजारच्या गुलाबावर, द्राक्षाच्या वेलावर, घेवड्यावर बसतात. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो न्यू जर्सीतच, रिव्हरटनजवळच्या एका रोपवाटिकेत, १९१६ साली. इतकी वर्षं झाली तरी घरगुती बागेत सगळ्यात खात्रीचा उपाय सकाळी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन फिरणं हाच आहे. जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत नेमाने करायचं. एक बसला की त्याच्या खाण्याच्या वासावर दुसरे येतात, म्हणून पहिले काही दिवस चुकवायचे नाहीत.

झटपट_उपाय

बरं, कार्बारिल राहिलं. निंबोळी अर्काचं प्रमाण तरी कोणी नीट सांगा. प्रत्येक जण वेगळं सांगतो.

संत्रानगरी

पाच टक्के अर्क म्हणजे लिटरला ५० ग्रॅम वाळलेली निंबोळी. भरड कुटायची, फडक्यात सैल पुरचुंडी बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजत ठेवायची. सकाळी पुरचुंडी पिळत राहायची, पांढुरकं दुधाळ पाणी निघेल. गाळून एक लिटर करायचं आणि त्यात दोन ग्रॅम साधा साबण विरघळवायचा. साबण नसेल तर द्रव पानावरून घसरून जातो. त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, जोर कमी होतो. निंबोळी मागच्या हंगामाची चालेल, पण बुरशी आलेली नको.

विकतचं निंबतेल असेल तर लिटरला पाच मिलि आणि साबण. आधी तेल-साबण एकत्र घोटून मग पाणी. एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा, करपलं तर पातळ करा. काकडीचं पान नाजूक असतं.

हे मारलं की भुंगेरे पटापट मरून पडतील अशी अपेक्षा धरू नका. पान बेचव होतं, खाणं थांबतं आणि लहान अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते. मोठ्या भुंगेऱ्यावर परिणाम कमीच. म्हणून पानाच्या मागे मारायचं, अळ्या लहान असताना.

शिवारफेरी

वेळेबद्दल एक बारीक पण मोलाची गोष्ट. 'फवारणी संध्याकाळी करा' असं सगळे सांगतात, कारण कडक उन्हात निंबोळीचा गुण लवकर जातो आणि मधमाश्याही परतलेल्या असतात. काकडी आणि भोपळ्याला हे लागू आहे, त्यांची फुलं सकाळी उमलतात. पण दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात! दुधीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं पिवळं फूल दिवस कलताना उघडतं, रात्रीचे पतंग त्यावर येतात. नेमक्या त्या वेळी तुम्ही पंप घेऊन उभे राहिलात तर पराग धुऊन जाणार आणि फळधारणा बिघडणार. या दोघांना सकाळी लवकर फवारा, तेही फुलं आणि कळ्या टाळून.

हिरवी_गच्ची

हे कुठेच वाचलं नव्हतं! गेल्या वर्षी दोडक्याची फुलं गळत होती, तेव्हा मी संध्याकाळीच फवारत होते.

मधे बरेच दिवस लिहायला जमलं नाही. ताजी खबर अशी की जाळीतली दुधी आणि दोडका आता जाळीला टेकले आहेत. नव्याने पेरलेली काकडीही चार पानांवर आली. वांग्यावर नवीन पानं कोरी आहेत आणि काळ्या अळ्यांच्या पाठीवर टाचणीने पाडल्यासारखी भोकं दिसली. सासूबाई भिंग घेऊन तासभर बसल्या होत्या. त्यांना त्यातली एक माशी बाहेर येताना दिसली.

आता जाळी काढू की फुलं येईपर्यंत ठेवू? आणि कारल्याच्या पानावर आज तोच ठिपक्यांचा किडा बसला होता.

शिवारफेरी

ज्यांना चार-पाच खरी पानं झाली आहेत त्यांची जाळी काढा आणि वेल मांडवावर सोडा. फुलं आल्यावर जाळी असेल तर परागीभवन होणारच नाही. काढल्यावर पहिला आठवडा सकाळची ताटली-टिचकी चालू ठेवा. काकडीची शेंड्याकडची कोवळी पानं आधी बघा, ती त्याला जास्त आवडतात. चौथ्या मजल्यावर पतंग कमी आले तर दुधीचं नर फूल संध्याकाळी तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. मादी फुलाखाली बोटभर दुधी आधीच दिसते, त्यावरून ओळखता येईल.

कारलं लाल भुंगेऱ्यापासून सुटतं पण हड्ड्यापासून नाही. वांगी आणि कारलं शेजारी असतील तर तो इकडून तिकडे जाणारच. कारल्याचीही पानं उलटून अंडी बघत चला. सासूबाईंना ते काम सोपवा.

मांडवाखाली

हंगाम संपल्यावर वेल कुंडीतच वाळू देऊ नका. आमच्याकडे मांडव उतरवला की वेल मुळासकट काढून लांब खड्ड्यात टाकतात. वाळक्या पाल्यात भुंगे बसून राहतात.

हिरवी_गच्ची

आणि त्या ग्रो बॅगची माती? मे महिन्यात उन्हात पसरणार होते, पण हे वेल तर दिवाळीच्या आसपास संपतील.

शिवारफेरी

तेव्हाही पसरा. ऑक्टोबरचं ऊन कमी नसतं. प्लॅस्टिकच्या कागदावर चार बोटांचा थर करा आणि दिवसातून एकदा हलवा. कोष वर येतात, वाळतात, चिमण्या-साळुंक्याही टिपतात. बॅगच्या तळाची माती विसरू नका, कोष तिथपर्यंत खोल असतात. त्या मातीत लगेच पुन्हा वेल लावू नका. मेथी, मुळा, लसूण घ्या. लाल भुंगेऱ्याच्या अळीला वेलवर्गाचीच मुळं लागतात, मेथीत तिचं पोट भरत नाही. वांग्याची बॅग वेगळी ठेवा, तिच्यात संत्रानगरी म्हणाले तशी निंबोळी पेंड मिसळा, मोठ्या बॅगला दोन मुठी पुरे.